विहिणीचं पान

"झाला का गॅस पास?"

डॉक्टर मगदूम हा प्रश्न दारातच टाकायचे आणि मग आत यायचे. आवाज असा खणखणीत, की व्हरांड्यातून जाणारी माणसंही उत्तरासाठी थबकायची.

"नाही हो डॉक्टर, अजून नाही," सरोजिनीबाई माझ्या आधी म्हणाल्या. "मी तर तासातासाला विचारतेय."

"काय आजी? काहीच नाही?"

मी मान हलवली. नाही.

ते खोटं होतं. झाला होता गॅस पास. आदल्या दिवशी, मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी झाला होता. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि चार दिवस त्या घड्याळाशिवाय बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मिनिटासकट सांगते.

"आवाज तर चांगले येतायत," पोटावर नळी फिरवत डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "मग सुटत कसा नाही? एक एक्स-रे काढू. तोंडाने काही नाही. पाणीसुद्धा नाही."

पाणीसुद्धा नाही. शुक्रवारपासून बुधवारपर्यंत माझ्या घशाखाली थेंब गेला नव्हता. जीभ टाळ्याला चिकटलेली. खालच्या टपरीवर कुणीतरी आलं ठेचायचं, त्याचा आवाज आला तरी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. एक शब्द बोलायचा अवकाश, की मला चहा मिळाला असता. तो शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता.

मला तेव्हा सदुसष्टावं चालू होतं. चिपळूणच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, नवरा जाऊन सहा. एका बुधवारी पोट जे फुगलं ते उतरेना. आमच्या डॉक्टरांनी आतड्याला पीळ पडलाय असं सांगितलं आणि मिरजेला न्या म्हणाले. माझा मुलगा हेमंत मस्कतहून फोनवर म्हणाला, "बरं झालं आई, वृंदाची आई तिथेच आहे." त्यात बरं काय ते मला कळेना, पण मी शेजाऱ्यांच्या गाडीत मागे आडवी होते आणि गाडी घाट चढायला लागली होती. शुक्रवारी ऑपरेशन झालं, फूटभर आतडं काढून टाकलं. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी, हातात सुई, पोटावर टाक्यांची रांग, आणि पायाशी सरोजिनीबाई म्हैसाळकर. माझ्या सुनेची आई. माझी विहीण.

हेमंतला सुट्टी मिळून तो पोचेपर्यंत रविवार उजाडणार होता. तोवर माझं म्हणून त्या गावात एकच माणूस होतं, आणि ते हे.

बाई स्वभावाने वाईट असत्या तर मी निभावलं असतं. वाईट माणसाशी कसं वागायचं ते मला येतं. या दर पंधरा मिनिटांनी ओल्या कापसाने माझे ओठ पुसायच्या. माझी वेणी घालायच्या. सलाईनची बाटली उंच धरून मला व्हरांड्यात चालवायच्या आणि वाटेत भेटेल त्याला सांगायच्या, "आमच्या विहीणबाई. आतड्याचं ऑपरेशन. अजून गॅस पास झालेला नाही." त्या मजल्यावरच्या झाडूवालीलासुद्धा माझ्या पोटाची काळजी लागली होती.

शिवाय फोन. सरोजिनीबाईंच्या मोबाइलवर रोज हेमंत यायचा. "आई, झालं का गं?" मग वृंदा. "आई, टेन्शन नका घेऊ, होईल." मग माझी पुण्याची नणंद. "माझ्या जावेला तिसऱ्या दिवशीच झालं होतं हो." जसं काही पोर बोर्डात नापास झालं होतं.

तीस वर्षं मी लोकांची बोलणी जोडून दिली. भांडणं, लग्नाची बोलणी, मरणाच्या बातम्या, सगळं माझ्या कानाजवळून गेलं. पण हा विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही. आई सांगायची, बाईमाणसाचा आवाज माजघराबाहेर जाऊ नये. आणि हा आवाज तर माजघरातही नको. नवऱ्याबरोबर छत्तीस वर्षं संसार केला, त्याच्यापुढेसुद्धा मी कधी पोट बिघडल्याचं धड बोलले नाही. डोकं दुखतंय म्हणायची.

त्या मंगळवारी काय झालं ते सांगते. सरोजिनीबाई खुर्चीत पेंगत होत्या. पोटात गुरगुरलं, काहीतरी सरकलं आणि झालं. अगदी बारीक. मला इतका आनंद झाला की देवाला हात जोडणार होते, पण एका हातात सुई होती. चहा, म्हटलं. आता चहा. तेवढ्यात ताप बघायला रूथ सिस्टर आल्या. मिरजेच्याच, पन्नाशीच्या, तोंडाने सडेतोड.

"काय ओ मावशी, सुटला का वारा?"

सरोजिनीबाई खडबडून जाग्या झाल्या आणि खुर्ची पुढे ओढून माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाल्या, "झालं? विहीणबाई, झालं?"

त्यांचे ते मोठे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही."

विहिणीसमोर कसं सांगायचं? दुसरं कुणीही असतं तरी चाललं असतं. मी मुलाची आई. त्यांच्या दारात मी वरमाय म्हणून गेलेली. ठरवलं, या जरा बाहेर गेल्या की सिस्टरच्या कानात सांगू.

पण बाहेर जातील तर शपथ. बाथरूम खोलीतच. डबा शेजारची मुलगी वर आणून द्यायची. मी म्हटलं, "जरा पाय मोकळे करून या ना."

"मोकळेच आहेत."

"देवळात जाऊन या. माझ्यासाठी काहीतरी मागा."

"इथूनच हात जोडते. देवाला काय, सगळीकडून ऐकू जातं."

"घरी जाऊन झोपा तासभर. दमलात."

"आणि नेमकं तेव्हाच झालं म्हणजे? जवळ कुणी नको का?"

कप्पाळ!

शेवटी मी चिठ्ठी लिहिली. तापाच्या कागदाचा कोपरा फाडला, सलाईनच्या हाताने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, "काल दुपारी झाले. विहिणींना सांगू नये." रूथ सिस्टर आल्या, मी चिठ्ठी त्यांच्या हातात सरकवली. त्यांनी खिसे चाचपले. "चष्मा टेबलावर राहिला की ओ माझा. वैनी, वाचा बघू, काय लिवलंय मावशींनी."

चिठ्ठी सरोजिनीबाईंच्या हातात पोचायच्या आत मी ती हिसकावली आणि तोंडात घातली. पाच दिवसांत पोटाच्या दिशेने गेलेली ती पहिली वस्तू. सिस्टरनी दोन बोटं घालून ती बाहेर काढली, लगदा झालेला.

"भुकेनं असं होतंय," त्या सरोजिनीबाईंना म्हणाल्या. "लक्ष ठेवा."

झालं. आता तर त्या डोळ्यात तेल घालून बसल्या.

बुधवारी दुपारनंतर पोट पुरतं जागं झालं. दर थोड्या वेळाने कळ यायची. मी मोठ्याने खोकायची, म्हणजे आवाजावर आवाज जाईल. टाके पडलेल्या पोटाने खोकणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. मी खोकले की सरोजिनीबाई पाठ चोळायच्या आणि म्हणायच्या, "आता खोकला कुठून आला हो?" मला रडू यायचं. रागाने. त्यांच्यावर, डॉक्टरांवर, त्या घड्याळावर आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. आणि जितका वेळ जात होता तितकं सांगणं अवघड होत होतं. आज सांगितलं तर कालचं खोटं उघडं पडणार होतं.

दिवसभर त्या बडबड करायच्या. नातवंडं, गॅसचा सिलिंडर, मिरजेचं पाणी. एका विषयाला मात्र आम्ही दोघी हात लावत नव्हतो. लग्नाला. बारा वर्षं लावला नव्हता.

हेमंत-वृंदाचं लग्न मिरजेतच झालं. म्हैसाळकरांनी ऐपतीबाहेर केलं. माझे व्याही, अण्णा, रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते. कमी बोलणारा, हसरा, काळ्या टोपीचा माणूस. संध्याकाळी विहिणीची पंगत होती. मुलीकडच्यांनी मुलाच्या आईला बसवायचं, पाटाभोवती रांगोळी, समया, चांदीचं ताट, आणि आग्रह करकरून वाढायचं, गाणी म्हणायची. मला मानाची अंजिरी साडी दिली होती, ती नेसून मी बसले. सरोजिनीबाई स्वतः वाढत होत्या. अण्णा पंगतीतून हात जोडून फिरत होते, "सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या." जिलबीचा दुसरा वाढा आला आणि मी पानावरून उठले.

सगळा मांडव गप्प झाला. गाणं म्हणणाऱ्या बायका अर्ध्या ओळीवर थांबल्या. मी आत गेले, खुंटीवरची माझी पिशवी ओढली, बाथरूमचं दार लावलं आणि अर्ध्या तासाने बाहेर आले ते माझी प्रवासाची सुती साडी नेसून. दाराबाहेर अण्णा उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि माझ्या पायांजवळ ठेवली.

"विहीणबाई, काय चुकलं ते सांगा. हात जोडतो."

"काही नाही. राहू दे," मी म्हणाले आणि सरळ आमच्या बिऱ्हाडी निघून गेले.

कारणं लोकांनी आपापली ठरवली. कुणी म्हणालं, मठ्ठा आंबट होता. कुणी म्हणालं, ताट चांदीचं होतं पण वाटी स्टीलची होती. साडी पसंत नव्हती, भर मांडवात फेडून टाकली, हे तर सगळ्यांनीच म्हटलं. मी यातलं काहीच नाकारलं नाही. चिपळूणला आमच्या लोकांत माझा मान वाढला. ताठ बाई, म्हणायचे.

गुरुवारी दुपारी डॉक्टर मगदूम आले आणि पहिल्यांदाच त्यांनी दारातून प्रश्न विचारला नाही. खुर्ची ओढून बसले.

"आजी, सातवा दिवस आहे. एक्स-रे वाईट नाही. पण गॅस सुटत नाही म्हणजे मला आतड्याच्या जोडाची शंका येते. जोड गळत असेल तर थांबून चालणार नाही. पाचपर्यंत वाट बघू. नाहीतर पोट पुन्हा उघडून बघावं लागेल. तुमच्या वयाला मला ते नकोय, पण इलाज नाही." मग सरोजिनीबाईंकडे वळून म्हणाले, "कागदावर जवळच्या नातेवाइकाची सही लागेल. सिस्टर आणून देतील."

ते गेले. रूथ सिस्टर कागद आणि पेन ठेवून गेल्या. खोलीत आम्ही दोघीच.

सरोजिनीबाईंनी चष्मा लावला, सगळा कागद वाचला, पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"माझी सही चालेल का हो?" त्यांनी मला विचारलं. "मी मुलीकडची."

मी त्या पेनकडे बघत होते.

"नाही, म्हणजे उद्या काही कमीजास्त झालं, तर तुमची माणसं म्हणतील, मिरजेला गेली आणि त्या बाईने..." त्यांचा आवाज फुटला. "एकदा तुम्ही माझ्या घरच्या पानावरून उपाशी उठलात. आता सात दिवस माझ्या गावात उपाशी आहात. माझ्याच हाताला काय शाप आहे कोण जाणे. माझ्या हातचं तुमच्या पोटात जातच नाही."

आणि त्यांनी पेन कागदावर टेकवलं.

"सही करू नका," मी म्हणाले.

"हेमंतरावांना विचारू आधी?"

"ऑपरेशन नकोय. झालंय."

"काय झालंय?"

"तेच ते. तुम्ही तासातासाला विचारता ते."

"अगंबाई! आत्ता?"

"मंगळवारी. दोन दहाला."

त्या आधी हसल्या. इतक्या हसल्या की चष्मा घसरला. "देवा रे, झालं! झालं की हो!" म्हणत त्यांनी कागद बाजूला टाकला. मग हसू थांबलं.

"मंगळवारी? आज गुरुवार आहे."

"हो."

"मग दोन दिवस बोलला का नाहीत? मरायला टेकलात की!"

"तुम्ही होता ना इथे."

"मी होते म्हणून?" त्यांना खरंच कळेना. "मी काय परकी आहे?"

"विहीण आहात. विहिणीसमोर असलं कसं बोलायचं?"

"काय बाई आहात हो तुम्ही! जीव गेला असता!"

तिथेच थांबले असते तर विषय मिटला असता. पण दोन दिवस अडवून धरलेलं एकदा सुटल्यावर मला थांबता येईना, आणि खरं सांगायचं तर ते पेन मी बघत होते. मुलीकडची माझी सही चालेल का, असं विचारणारी ती बाई.

"त्या दिवशीही हेच झालं होतं," मी म्हणाले.

"कुठल्या दिवशी?"

"पंगतीत. माझं पोट सकाळपासून बिघडलेलं होतं. कुणाला बोलले नाही. तुमचा आग्रह चालला होता, मी खात गेले. जिलबी आली आणि मला कळलं, आता आवरत नाही. उठले. बाथरूमपर्यंत पोचलेच नाही, सरोजिनीबाई. दारातच साडी खराब झाली. तुम्ही दिलेली, अंजिरी."

त्यांनी चष्मा काढला.

"साडी आवडली नव्हती असं नाही. मठ्ठा आंबट नव्हता. काही चुकलं नव्हतं. तिथेच धुतली, ओली पिशवीत कोंबली, घरी नेली. अजून आहे ट्रंकेत."

"आणि ह्यांनी टोपी काढून ठेवली तेव्हा?"

"तेव्हा काय सांगणार? पुरुषमाणसाला? दारात सगळी मंडळी उभी होती."

"मग दुसऱ्या दिवशी? महिन्याने? वृंदाच्या हातून चिठ्ठी पाठवायचीत!"

"लोक म्हणत होते मी रुसले. मला ते बरं वाटलं. रुसलेली वरमाय बरी."

सरोजिनीबाई उठल्या. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. 

"ह्यांच्या थोरल्या भावाने भर मांडवात ह्यांना सुनावलं होतं," त्या म्हणाल्या. "एक विहीण सांभाळता येत नाही, लग्नं कसली करता म्हणून. ते हूं का चूं बोलले नाहीत. पण त्यानंतर कुठल्याही लग्नात पंगतीत फिरले नाहीत. मागे आचाऱ्यांजवळ बसायचे. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. शेवटच्या आठवड्यात मला विचारत होते, सरू, चिपळूणच्या विहीणबाईंचं काय चुकलं गं आपलं, ते काही कळलं नाही. मी म्हटलं, चुकलं असेल काहीतरी, झोपा आता."

त्यांनी पर्स उचलली.

"चुकलं असेल, असं मी म्हटलं त्यांना. मरणाऱ्या माणसाला."

आणि त्या गेल्या. दोन दिवस ज्यासाठी मी देव पाण्यात घालून बसले होते ते झालं. खोली रिकामी झाली.

मी घंटा दाबली. रूथ सिस्टर आल्या, त्यांना सगळं सांगितलं. आता काय, कुणालाही सांगायची माझी तयारी होती. त्या कपाळाला हात लावून हसल्या. "माझ्या कानात सांगायचं की ओ! मी काय तुमची विहीण हाय?" डॉक्टर आले, संतापले, मग हसू दाबत नाकातली नळी ओढून काढली. "आधी भाताची पेज. पातळ. एक वाटी, फक्त मीठ घालून. ती पोटात राहिली तर उद्या चहा. घरून मागवा."

"कुठल्या घरून?" मी विचारलं.

"ह्या तुमच्या वैनी कुठं गेल्या?" सिस्टर म्हणाल्या.

मी भिंतीकडे तोंड केलं. चार वाजले. साडेचार. सिस्टर येऊन विचारून गेल्या, कॅन्टीनमधून काही मागवू का. कॅन्टीनमध्ये पेज मिळत नव्हती. चहा होता, वडा होता. पाच. आता खायला परवानगी होती आणि घालणारं माणूस नव्हतं. मला त्या बाईची बडबड आठवायला लागली, आणि तिचाही राग आला. एवढं काय? आजारी बाईला टाकून जातं का कुणी? मग आठवलं, की काय केलं मी, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. हेमंतला काय सांगेल ही? वृंदाला? पोर उद्या माझ्या घरात माझ्याकडे कुठल्या नजरेने बघेल? रडले. मोठ्याने रडले, टाके दुखेपर्यंत. ऐकायला कुणी नव्हतं.

साडेसहाला दार ढकललं गेलं. सरोजिनीबाई होत्या. हातात पितळी डबा, काखेत पिशवी. डोळे सुजलेले. माझ्याकडे न बघता त्यांनी पलंगावरचं फिरतं टेबल माझ्यापुढे ओढलं, फडक्याने पुसलं, त्यावर स्टीलची ताटली ठेवली. पिशवीतून एक लहान डबी काढली आणि चिमूटभर मीठ ताटलीत डावीकडे वाढलं. मग वाटी मांडून तीत पेज ओतली. वाफ येत होती.

"मी अजून रागावलेली आहे," त्या म्हणाल्या. "पण पेज गार होईल."

"सरोजिनीबाई..."

"आधी ऐका. हेमंतराव आले की तुम्ही आमच्याकडे यायचं. ह्यांच्या फोटोपुढे उभं राहून मला सांगितलंत ते सगळं सांगायचं. साडी, बाथरूम, सगळं. मी मघाशी घरी गेले, फोटोपुढे उभी राहिले, सांगणार होते. मग म्हटलं, मी का सांगू? टोपी काही माझ्यापुढे ठेवली नव्हती त्यांनी."

"येईन," मी म्हणाले.

"आणि थोरल्या भावजींना फोन लावायचा. एक्क्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं. ओरडून सांगावं लागेल."

"काय सांगू त्यांना ओरडून?"

"ते तुमचं तुम्ही बघा. फोनवर बोलायचा पगार घेत होता ना तीस वर्षं?"

मी चमचा उचलला. पेजेत मीठ कालवलं. पहिला घोट घशाखाली उतरला तेव्हा मला पुन्हा रडू आलं, पण या वेळी भुकेचं. दुसरा. तिसरा. त्या खुर्चीत ताठ बसून माझा हात वाटीतून तोंडाकडे जाताना बघत होत्या. चौथ्या चमच्याला पोटात जोराची कळ आली.

ती कळ मला चांगली ओळखीची होती. चमचा वाटीत राहिला. मी श्वास रोखला, मांड्या आवळल्या आणि चेहऱ्यावर ते माझं नेहमीचं, डोकं दुखतंय म्हणणारं तोंड आणलं. दोन मिनिटं दम धरला तर जाईल, म्हटलं. पहिलीच वाटी. तिच्या हातची. आता उठायचं नाही, जीव गेला तरी.

"काय होतंय?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

काही नाही, राहू दे. हे शब्द तयारच होते.

"मला उठावं लागेल," मी म्हणाले. "आत्ता. लगेच. नाहीतर पंगतीतल्यासारखं होईल."

त्या उठल्या. टेबल बाजूला सारलं, एका हाताने सलाईनची बाटली काढली, दुसरा हात माझ्या काखेत घातला. "चला. घाई नका करू, टाके आहेत. मी आहे." बाथरूमपर्यंत नऊ पावलं होती. पोचलो. दार मी लावू लागले तर त्यांनी पाय मध्ये घातला. "बाटली कोण धरणार? मी तोंड फिरवते." आणि त्या बाटली उंच धरून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि जे व्हायचं ते सगळं, आवाजासकट, माझ्या विहिणीच्या पाठीमागे झालं. त्यांनी मध्येच नळ सोडला. 

मग त्यांनीच माझे हातपाय धुतले, मला परत आणून बसवलं, पाठीशी उशी लावली. टेबल पुढे ओढलं. माझी वाटी ताटलीने झाकून ठेवलेली होती. केव्हा झाकली कोण जाणे.

त्यांनी ताटली काढली आणि मीठ पुन्हा डावीकडे नीट वाढलं.

"बसा पानावर," त्या म्हणाल्या. "सावकाश होऊ द्या."

मी ती वाटी पुसून संपवली. पेज पार निवली होती. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं.

"वाढू अजून थोडी?"

डॉक्टरांनी एकच वाटी सांगितली होती. मी वाटी पुढे केली.